रस्त्याचे पथ्य : मार्गिका कमी, अपघात कमी

बाजारपेठेत वाहनांची गर्दी वाढली की रस्ता रुंद करावा, हा विचार इतका सरळ वाटतो की त्याविषयी शंका घेण्याचे कारण सहसा कोणाला दिसत नाही. नळाला पाणी कमी पडत असेल तर नळ मोठा करावा, तसेच हे. त्यामुळे एखाद्या नगरपालिकेने गजबजलेल्या रस्त्याच्या चार मार्गिकांपैकी एक कमी करण्याचा प्रस्ताव मांडला, तर पहिला विरोध त्या रस्त्यावरील दुकानदारांकडून होतो. गाडी थांबणार कोठे, माल उतरणार कसा, ग्राहक दुसऱ्या पेठेकडे वळला तर पेढी चालणार कशी, हे त्यांचे प्रश्न असतात. ते रास्त आहेत आणि त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे.

परंतु गेल्या चार दशकांत जगातील अनेक शहरांनी मोजून पाहिलेला अनुभव या सरळ विचाराच्या उलट आहे. काही विशिष्ट प्रकारच्या रस्त्यांवर मार्गिका कमी केल्याने अपघात घटले, जखमींची संख्या त्याहून अधिक घटली आणि वाहतूक मात्र जवळजवळ पूर्वीसारखीच चालू राहिली. अमेरिकेत या उपायाला ‘रोड डाएट’, म्हणजे रस्त्याचे पथ्य, असे नाव मिळाले. डॅन बर्डन व पीटर लेगरवे यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधामुळे ते रूढ झाले. प्रयोग मात्र त्याहून जुना आहे. मोंटाना राज्यातील बिलिंग्ज या शहरात १९७९ मध्येच एका चौपदरी रस्त्याचा तीनपदरी रस्ता करण्यात आला होता.

चौपदरी रस्त्याचा दोष

हा उपाय का लागू पडतो, हे समजण्यासाठी दुभाजक नसलेल्या चौपदरी रस्त्याकडे पाहावे लागते. अशा रस्त्यावर दोन मार्गिका जाण्यासाठी व दोन येण्यासाठी असतात. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. म्हणून डावीकडच्या गल्लीत वळू इच्छिणाऱ्या चालकाला समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. आपल्याकडे हीच अडचण उजवीकडे वळताना येते. वळणारी गाडी रस्त्याच्या मध्याजवळील मार्गिकेत थांबून राहते. मागून वेगाने येणाऱ्याला ती थांबल्याचे उशिरा कळते. तो एक तर मागून धडकतो, नाही तर एकदम बाजूच्या मार्गिकेत शिरतो आणि तेथील वाहनाला घासतो. दरम्यान, वळणाऱ्या चालकाचे लक्ष समोरच्या दोन मार्गिकांवर असते. जवळच्या मार्गिकेतील गाडीने पलीकडची गाडी झाकलेली असते. मोकळे दिसले म्हणून तो वळतो, आणि झाकलेली गाडी येऊन आदळते.

पायी जाणाऱ्याच्या वाट्याला याहून वाईट प्रसंग येतो. पहिल्या मार्गिकेतील सज्जन चालक वृद्धाला पाहून थांबतो आणि हाताने ‘या’ अशी खूण करतो. वृद्ध निर्धास्तपणे पुढे पाऊल टाकतो. दुसऱ्या मार्गिकेतून येणाऱ्याला मात्र थांबलेल्या गाडीमुळे तो वृद्ध दिसतच नाही. एकाचे सौजन्य येथे दुसऱ्याच्या मृत्यूला निमित्त होते. यात कोणी दुष्ट नसतो. आखणीच अशी असते की सज्जनपणाही धोक्याचा ठरावा.

पथ्य करताना या चार मार्गिकांच्या तीन केल्या जातात. दोन्ही दिशांना प्रत्येकी एक, आणि मध्ये केवळ वळणाऱ्या वाहनांसाठी एक सामाईक मार्गिका. वळणारी गाडी मध्ये जाऊन शांतपणे थांबते. मागची वाहने सरळ निघून जातात. उरलेल्या जागेत सायकलींची पट्टी, गाड्या उभ्या करण्याच्या जागा किंवा अधिक रुंद पदपथ करता येतो. ओलांडणाऱ्याला एका वेळी एकाच दिशेच्या एकाच मार्गिकेकडे पाहावे लागते.

मग वाहतूक का तुंबत नाही? कारण पूर्वीच्या चारपैकी मध्याजवळील दोन मार्गिका वळण्यासाठी थांबलेल्या गाड्यांनी वारंवार अडवलेल्या असत. कागदावर चार असलेल्या मार्गिका व्यवहारात दोनच होत्या. हिशेबाच्या वहीत भांडवल मोठे दिसावे आणि त्यातील निम्मे उधारीत अडकलेले असावे, तशी ती स्थिती होती.

ऑर्लँडोच्या पेठेतील प्रयोग

फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहरात कॉलेज पार्क नावाचा भाग आहे. त्याची मुख्य पेठ म्हणजे एजवॉटर ड्राइव्ह. या रस्त्याच्या सुमारे दीड मैलाच्या, म्हणजे अडीच किलोमीटरहून थोड्या कमी लांबीच्या भागावर दोन्ही बाजूंनी दुकाने, उपाहारगृहे व कार्यालये आहेत आणि मागच्या गल्ल्यांत घरे. दिवसाला सुमारे २०,५०० वाहने तेथून जात. रस्ता चौपदरी होता आणि राज्य शासनाच्या ताब्यात होता.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी राज्याने या रस्त्याचे डांबरीकरण ठरविले. नवे डांबर पडले की जुने पट्टे पुसले जातात आणि नवे काढावेच लागतात. मग ते वेगळ्या रीतीने काढले तर खर्चात फारशी भर पडत नाही. शहराने ही संधी साधण्याचे ठरविले. राज्याची अट अशी होती की मार्गिका कमी करायच्या असतील तर शहराने तो रस्ता स्वतःच्या ताब्यात घ्यावा. रहिवासी व व्यापारी यांच्याशी बैठका झाल्या. सुरक्षितता, वेग, वाहतूक, पार्किंग अशा प्रत्येक बाबीची मोजणी आधी व नंतर करावी, आणि ठरविलेली उद्दिष्टे गाठली गेली नाहीत तर पुन्हा चार मार्गिका कराव्यात, असे ठरले. व्यापाऱ्याला रुचेल असाच हा करार होता : माल आधी पाहा, पसंत नसेल तर परत करा.

२००२ मध्ये पट्टे बदलले गेले. दोन्ही दिशांना एकेक मार्गिका, मध्ये वळण्याची मार्गिका, कडेला सायकलींच्या पट्ट्या आणि पूर्वीप्रमाणे गाड्या उभ्या करण्याची जागा, अशी नवी रचना झाली. मोजणीत आढळलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पूर्वी या रस्त्यावर सरासरी अडीच दिवसांना एक अपघात होत असे. नंतर तो ४.२ दिवसांना एक झाला. कोणी जखमी होण्याइतका अपघात पूर्वी नऊ दिवसांना एक होई. नंतर तीस दिवसांना एक.

चिकित्सक वाचक येथे एक शंका घेईल. वाहनेच कमी झाली असतील, तर अपघात कमी होणारच. वाहने काही प्रमाणात खरोखरच घटली. सुरुवातीच्या मोजणीत ती दिवसाला सुमारे १८,१०० भरली, म्हणजे साधारण १२ टक्क्यांनी कमी. म्हणूनच अभ्यासकांनी अपघातांची नुसती संख्या न पाहता वाहनांनी कापलेल्या अंतराशी त्यांचे प्रमाण काढले. ते प्रमाणही ३४ टक्क्यांनी घटले होते, आणि जखमी होण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांनी. याचा अर्थ, त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला होता.

वेगातही फरक पडला. ताशी ३६ मैलांहून, म्हणजे सुमारे ५८ किलोमीटरहून, अधिक वेगाने जाणाऱ्या वाहनांचे प्रमाण उत्तर टोकाला १५.७ टक्क्यांवरून ७.५ वर आले आणि दक्षिण टोकाला २९.५ वरून १९.६ वर. मधल्या भागात, जेथे वेग मुळातच कमी होता, तेथे फरक अल्प पडला. एकाच मार्गिकेत पुढचा चालक बेताने जात असेल तर मागच्यालाही बेतानेच जावे लागते. पोलीस उभा न करता वेग आवरला जातो. गर्दीच्या वेळी प्रवासाला थोडा अधिक वेळ लागू लागला, हेही खरे. मात्र पायी चालणारे २३ टक्क्यांनी व सायकलस्वार ३० टक्क्यांनी वाढले. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या जागा पूर्वी २९ टक्के भरलेल्या असत, त्या ४१ टक्के भरू लागल्या. पेठेत थांबणारी माणसे वाढली, असाच त्याचा अर्थ होतो.

ही मोजणी एकाच रस्त्याची आणि थोड्याच काळाची होती, हे विसरू नये. परंतु इतर ठिकाणचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. आयोवा राज्यातील लहान गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर अपघात ४७ टक्क्यांनी घटले. कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांतील मोठ्या, अधिक वर्दळीच्या उपनगरी रस्त्यांवर १९ टक्क्यांनी. लाभ सर्वत्र सारखा नाही, पण दोन्हीकडे आहे. या आधारावर अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २०१२ मध्ये हा उपाय आपल्या सिद्ध सुरक्षा-उपायांच्या यादीत घेतला.

वेग आणि प्राण

वेग थोडा कमी झाल्याने इतका फरक का पडतो? अमेरिकेतील एका वाहतूक-सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसल्यास मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के असते. ५१ किलोमीटरला ती २५ टक्के होते, ६८ ला ५० टक्के आणि ८० ला ७५ टक्के. वेग दुपटीहून थोडा अधिक होतो, तेव्हा मृत्यूची शक्यता दुप्पट नव्हे, साडेसातपट होते. शिवाय वृद्धांच्या बाबतीत, त्याच वेगाला, धोका तरुणांपेक्षा बराच मोठा असतो.

आपल्या देशाचे आकडे यासमोर ठेवले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदविले गेले. या नव्वदांत कोणी सकाळी दूध आणायला निघालेले आजोबा असतात, कोणी शिकवणीहून परतणारी मुलगी, कोणी दुकान वाढवून घरी चाललेला गुमास्ता.

दुकानदाराचा प्रश्न

आता व्यापाऱ्याच्या शंकेकडे वळावे. ग्राहक गाडीने येतो, गाडीची वाट अरुंद झाली तर ग्राहक तुटेल, हे तिचे सार. या समजुतीच्या पहिल्याच भागाची तपासणी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये झाली. किती ग्राहक मोटारीने येतात, असे दुकानदारांना विचारले, तेव्हा त्यांचा अंदाज ४१ टक्के असा आला. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारले, तेव्हा ते २२ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक ग्राहक पायी आले होते. दुकानदार खोटे बोलत नव्हते. दारात थांबलेली मोटार डोळ्यांत भरते. पिशवी घेऊन चालत आलेली गृहिणी नजरेत राहत नाही. शिवाय दुकानदार स्वतः गाडीने येत असेल, तर जग आपल्यासारखेच येते असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

सान फ्रान्सिस्कोतील व्हॅलेन्सिया स्ट्रीट या पेठेत १९९९ मध्ये चारऐवजी दोन मार्गिका, मध्ये वळणाची पट्टी व कडेला सायकलींच्या पट्ट्या अशी रचना झाली. काही वर्षांनी तेथील २७ व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांनी या बदलाचा धंद्यावरील परिणाम एकंदरीत चांगलाच झाल्याचे सांगितले. न्यूयॉर्कच्या नाइन्थ अॅव्हेन्यूवर मार्गिकेची जागा घेऊन सुरक्षित सायकलपट्टी केल्यानंतर तेथील दुकानांची विक्री एका भागात ४९ टक्क्यांपर्यंत वाढली; त्याच काळात संपूर्ण मॅनहॅटनमध्ये ती ३ टक्केच वाढली होती. विक्री वाढण्याला इतरही कारणे असतात, त्यामुळे सारे श्रेय रस्त्याला देणे योग्य होणार नाही. पण रस्ता बदलल्याने धंदा बुडतो, या भीतीला हे अनुभव दुजोरा देत नाहीत.

याच शहरातील टाइम्स स्क्वेअरचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. महापौर मायकेल ब्लूमबर्ग व वाहतूक आयुक्त जेनेट सादिक-खान यांच्या काळात, मे २००९ मध्ये, तेथील ब्रॉडवेचा भाग मोटारींना बंद करण्यात आला. आरंभी केवळ तात्पुरत्या खुर्च्या मांडल्या होत्या. मोजणीत त्या परिसरातील जखमी पादचारी ३५ टक्क्यांनी आणि जखमी वाहनचालक व प्रवासी ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०१० मध्ये तो बदल कायम करण्यात आला.

पथ्य कोठे लागू पडत नाही

औषध सर्वांना सारखे मानवत नाही. अमेरिकन मार्गदर्शनानुसार दिवसाला साधारण २०,००० पर्यंत वाहने असलेले रस्ते या उपायाला योग्य ठरतात. त्यापलीकडे प्रत्येक रस्त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. एजवॉटर ड्राइव्ह या मर्यादेवर उभा होता. जेथे बस थांबताच मागची सारी वाहतूक अडकते, तेथे आधी थांब्यासाठी जागा काढावी लागते.

लोकांना विश्वासात न घेतल्यास काय होते, याचा धडा लॉस एंजेलिसने दिला. समुद्रकाठच्या व्हिस्टा डेल मार या रस्त्यावर २०१५ मध्ये रस्ता ओलांडताना सोळा वर्षांची एक मुलगी दगावली आणि शहराला तिच्या कुटुंबाला ९५ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. २०१७ मध्ये शहराने तेथील व आसपासच्या रस्त्यांवरील मार्गिका घटविल्या. पण हा दूरच्या उपनगरांतून कामावर जाणाऱ्यांचा मोठा मार्ग होता. प्रचंड विरोध झाला आणि काही महिन्यांतच मार्गिका पूर्ववत कराव्या लागल्या. हेतू चांगला होता. रस्त्याची निवड व संवाद यांत उणीव राहिली.

पुण्याच्या वाटेवर

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यांनुसार जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना सुरू केली. १९७६ मध्ये बांधलेला व भक्कमपणासाठी नावाजलेला हा रस्ता. पुनर्रचनेत त्याच्या कडेचे पदपथ ऐसपैस झाले, बसण्याच्या जागा आल्या, वाहने उभी करण्याचे कप्पे आखले गेले आणि वाहनांसाठीचा पट्टा एकसारख्या रुंदीचा झाला. लक्ष्मी रस्त्यावर, जेथे कापड व सराफीच्या पेढ्यांची रांग आहे, २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने खुला झाला, तो सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद ठेवून. देशातील एक अत्यंत जुनी व्यापारपेठ दिवसभर मोटारीविना चालविण्याचा हा प्रयत्न आहे, आणि मालाची वाहतूक दुकान उघडण्यापूर्वी किंवा बंद झाल्यावर करण्याची शिस्त त्यात गृहीत आहे.

आपल्या रस्त्यांची अडचण मात्र निराळी आहे. अमेरिकेत पांढरा पट्टा ओढला की मार्गिका बदलते. आपल्याकडे पट्टा कोणी पाळत नाही. रिक्षा, दुचाकी, हातगाडी, बस सारे एकाच प्रवाहात असतात. म्हणून येथे केवळ रंगाने काम भागत नाही. उंच कडेचा दगड, प्रत्यक्ष वाढविलेला पदपथ आणि रस्त्याच्या मध्यावर ओलांडणाऱ्याला क्षणभर थांबता येईल असा सुरक्षित ओटा लागतो. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. रुंद झालेल्या पदपथावर दुचाक्या चढतात, पाटी पुढे सरकते, माल मांडला जातो. मग पादचारी पुन्हा रस्त्यावर उतरतो आणि वाहनांची जागाही कमी झालेली असते. पथ्य पाळायचे, पण औषध घ्यायचे नाही, असा तो प्रकार होतो.

येथे व्यापारी वर्गाची भूमिका निर्णायक ठरते. आपल्या रस्त्याचा प्रस्ताव आला, तर नकाराने आरंभ करण्याऐवजी दुकानदारांच्या संघटनेने चार गोष्टी मागाव्यात. पहिली, बदलापूर्वी व नंतर अपघात, वेग, पार्किंग व पादचारी यांची मोजणी व्हावी आणि तिचे आकडे सर्वांना मिळावेत. दुसरी, माल उतरविण्यासाठी ठरावीक जागा व वेळ आखून द्यावी. तिसरी, प्रारंभी तात्पुरत्या साधनांनी काही महिने प्रयोग करून पाहावा आणि उद्दिष्टे साधली नाहीत तर रचना बदलावी. चौथी मागणी स्वतःकडेच करायची आहे : आपल्या दारासमोरचा पदपथ मोकळा राहील. यासोबत एक आठवडाभर आपल्या दुकानात येणाऱ्या ग्राहकाला, ‘आपण कसे आलात?’ एवढेच विचारून वहीत नोंद करावी. ब्रिस्टलच्या दुकानदारांप्रमाणे अनेकांचा अंदाज चुकलेला निघण्याचा संभव आहे.

ऑर्लँडोच्या त्या पेठेत उद्दिष्टे गाठली गेली नसती, तर पुन्हा चार मार्गिका होणार होत्या. त्या झाल्या नाहीत. कोठेही पोहोचण्यास कोणाचा थोडा अधिक वेळ गेला असेल. पण पूर्वी नऊ दिवसांना एक याप्रमाणे होणारे दुखापतीचे अपघात महिन्याला एकावर आले. जमाखर्च मांडण्याची सवय असलेल्या कोणालाही यांतील जमा कोणती आणि खर्च कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही.